खटका

आधी धप्प असा आवाज झाला आणि त्यामागोमाग सळसळ. पावसाची जोराची सर पत्र्यांवरून सरकत पुढे निघून जावी तशी ती सळसळ लिफ्टच्या डक्टमधून खाली खाली गेली आणि तळाशी थांबली. मी पाचव्या मजल्यावर ओट्याशी कणीक मळत होते. आमच्या स्वयंपाकघराची भिंत लिफ्टला लागून आहे, त्यामुळे लिफ्टचे सगळे आवाज मला पाठ आहेत. निघताना ती देते तो हिसका, मजल्यावर थांबतानाची ‘खट्’, आतली जाळी सरकवल्याचा खडखडाट, आणि कुणी दार नीट लावलं नाही की ‘कृपया दरवाजा बंद करें’ म्हणत राहणारी ती बाई. हा आवाज त्यातला नव्हता. तशाच पिठाच्या हातांनी मी जिना उतरले. चौथ्या मजल्यावर काकू जमिनीवर बसल्या होत्या. लिफ्टचं बाहेरचं दार सताड उघडं, काकूंचा एक हात अजून हँडलवर, काठी उंबऱ्यावर आडवी पडलेली आणि तिचं टोक आत अधांतरी. दाराच्या आत लिफ्ट नव्हती. काळोख होता आणि त्यात वंगणाने चकाकणारे दोर.

‘गहू गेले गं,’ काकू म्हणाल्या.

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून काकूंनी एक सवय लावून घेतली आहे. लिफ्टमध्ये हातातलं ओझं आधी ठेवायचं, मग काठी टेकायची, मग आपण जायचं. त्या दिवशी गिरणीत द्यायचे चार किलो गहू कापडी पिशवीत घेऊन त्या निघाल्या होत्या. बटण दाबलं, दार ओढलं, ते उघडलं, म्हणून पिशवी पुढे केली. जिथे रोज लिफ्टची लादी लागते तिथे काहीच लागलं नाही. पिशवीच्या ओढीने त्याही झुकल्या, पण दुसरा हात हँडलवर होता आणि तो सुटला नाही. एवढंच घडलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. मी लग्न होऊन ठाण्यात या इमारतीत आले तेव्हापासून त्या माझ्या काकू. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत आणि अख्ख्या बिल्डिंगच्या आजी झाल्या आहेत. त्यांना काखेत धरून उठवलं तेव्हा त्यांच्या निळ्या साडीवर माझी पिठाची पाचही बोटं उमटली. त्यांना घरात नेलं, खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. पेला दोन्ही हातांनी धरून त्या बसून राहिल्या आणि मी माझ्या उजव्या हाताकडे बघत राहिले. कारण त्या हाताला हे आठ दिवस आधीच कळलं होतं.

आठ दिवसांपूर्वी संध्याकाळी मी काकूंच्याच घरून निघाले होते. त्या दारात उभ्या राहून भाचीच्या लग्नाचं सांगत होत्या, आणि ऐकता ऐकता मी लिफ्ट यायच्या आधीच सवयीने हँडल ओढलं. अशा वेळी एरवी दार जागचं हलत नाही. लिफ्ट समोर येऊन उभी राहिल्याशिवाय खटका सुटत नाही. त्या दिवशी मात्र ते चार बोटं पुढे आलं. फटीतून गार, ओलसर, तेलकट वास आला आणि वर येणारी लिफ्ट मध्येच कुठेतरी गचकन थांबली. मी दार ढकलून लावलं. लिफ्ट पुन्हा सुरू झाली, वर आली, मी आत शिरले. हे कुणालातरी सांगायला हवं, असं मनात आलंही. तो विचार चौथ्यापासून पाचव्यापर्यंत टिकला. घराचं कुलूप उघडताना फोन वाजायला लागला आणि त्यानंतर आठ दिवस मला ते दार आठवलं नाही. खोटं कशाला लिहू, मध्ये एकदा आठवलं होतं. सोसायटीच्या ग्रुपवर पार्किंगवरून वादावादी चालली होती, तेव्हा. या गोंधळात कुठे सांगायचं, आणि एव्हाना कुणीतरी सांगितलंच असेल, असं म्हणून मी फोन पालथा ठेवला. दार मला खटकलं होतं, हे मी नाकारू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. माझ्या मुलाच्या वयाचा, पंचविशीतला. लिफ्ट तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये उभी करून तो तिच्या टपावर उतरला आणि मी चौथ्या मजल्यावर भिंतीला टेकून त्याचं काम बघत राहिले. मी काहीही विचारलं तरी तो हातातलं काम न थांबवता उत्तर देत होता. सगळ्यांना दोर तुटायची भीती वाटते, तो म्हणाला, पण दोर एक नसतो, चार-पाच असतात, आणि एकेकट्यात भरपूर ताकद असते. वेग वाढलाच तर वरचा गव्हर्नर, म्हणजे वेगावर नजर ठेवणारं यंत्र, सेफ्टी ब्रेकला ओढतो आणि लिफ्ट दोन्ही बाजूंच्या रुळांना चावून जागच्या जागी उभी राहते. ही युक्ती फार जुनी आहे, हे मी वाचलं होतं. एलिशा ओटिस नावाचा अमेरिकन कारागीर १८५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात उंचावरच्या फळीवर उभा राहिला, सगळ्यांसमोर त्याने दोर कापायला लावला, आणि फळी जराशी घसरून तिथेच अडकली. म्हणजे आपण ज्याला घाबरतो त्याचा बंदोबस्त पावणेदोनशे वर्षांपूर्वीच झाला आहे. ‘लिफ्ट सहसा पडत नाही, ताई,’ तो म्हणाला. ‘माणसं पडतात. दारातून.’

मग त्याने मला तो खटका दाखवला. दाराच्या वरच्या कोपऱ्यात, आतल्या बाजूला, काडेपेटीहून थोडी मोठी लोखंडी पेटी. लिफ्टच्या अंगावर एक कॅम, म्हणजे पुढे आलेली पट्टी, असतो. लिफ्ट मजल्यावर येऊन उभी राहिली की तो पेटीतून बाहेर आलेल्या रबरी चाकाला दाबतो, चाक आतली पट्टी उचलतं आणि खटका सुटतो. लिफ्ट निघाली की स्प्रिंगने तो परत खाली बसतो. आमच्या चाकाचं रबर झिजून एका बाजूला चपटं झालं होतं आणि स्प्रिंग इतकी सैल, की त्याने बोटाने दाबली तर तशीच दबून राहिली. खटका अर्ध्यावर लटकत होता. पण त्याच पेटीत दुसरी एक गोष्ट असते, कॉन्टॅक्ट. दार लागलेलं आहे एवढंच तो लिफ्टला कळवतो. तो शाबूत होता. म्हणून मी दार ओढल्यावर लिफ्ट थांबली आणि लावल्यावर चालू झाली. म्हणूनच इतके दिवस कुणाची तक्रारही आली नाही. लिफ्ट बंद पडली असती तर तासाभरात दहा फोन गेले असते. घाईत असलेले काही लोक तो कॉन्टॅक्टच वायर टाकून शॉर्ट करतात, म्हणजे मग दार उघडं असलं तरी लिफ्ट धावते, हेही त्याने सांगितलं. सांगताना त्याने कानाची पाळी धरली.

मला मागच्या पावसाळ्यातली गोष्ट आठवली. वीज गेली होती आणि मुलगा दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये अडकला होता. वॉचमनने तिकोनी चावीने तिसऱ्या मजल्याचं दार उघडलं. लिफ्टची लादी मजल्याच्या जवळजवळ तीन फूट खाली होती. दोघांनी त्याला हात देऊन वर ओढलं, आणि जिन्यात जमलेल्या आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वॉचमनला घरी बोलावून चहा दिला, शंभराची नोट दिली. मेकॅनिकने ते ऐकून मान हलवली. त्या अर्ध्या मिनिटात वीज आली असती तर? आणि उलटं असतं, लिफ्ट मजल्याच्या वर तीन फुटांवर थांबली असती आणि मुलाने आतून खाली उडी मारली असती, तर लिफ्टच्या लादीखाली डक्ट उघडं असतं. उडी मारणाऱ्याचा तोल मागे गेला की तो थेट त्यात. आत बसलेल्याला काही होत नाही, हवा येत असते, अलार्म वाजवायचा आणि जाणता माणूस येईपर्यंत बसून राहायचं, एवढंच करायचं असतं. त्या वॉचमनबद्दल मला आजही कृतज्ञता वाटते. पण त्या टाळ्या आठवल्या की पोटात गोळा येतो.

जाता जाता मेकॅनिक दाराच्या काचेवर बोट वाजवून म्हणाला, ‘हे काढून टाका.’

जुन्या पद्धतीच्या दाराला एक उभी अरुंद काच असते. लिफ्ट आली की तिच्यातून उजेडाची पट्टी दिसते, नाही तर काळोख. ती काच शोभेसाठी नसते, लिफ्ट समोर आहे की नाही हे दार ओढायच्या आधी दिसावं म्हणून असते. आमच्या चौथ्या मजल्याच्या काचेवर कागद चिकटवलेला होता. मंगळागौरीच्या कार्यक्रमाची नोटीस. वेळ, ठिकाण, नावं कुणाकडे द्यायची. नावं माझ्याकडे द्यायची होती. अक्षरही माझंच. सातही मजल्यांवर फिरून मी स्वतः त्या चिकटवल्या होत्या आणि जागाही विचार करून निवडली होती: लिफ्टची वाट बघताना सगळ्यांची नजर जिथे जाते ती.

रविवारी खाली पार्किंगमध्ये सोसायटीची सभा झाली. मेंटेनन्सवाले दरमहा येऊन सही करून जातात, मग बघतात काय, असा एक सूर होता आणि तो खराच होता. लिफ्टमध्ये परवाना फ्रेम करून लावलेला आहे, विद्युत निरीक्षकाची तपासणी होते, मुंबई इलाख्यात लिफ्टचा कायदा १९३९ पासून होता आणि २०१७ साली सरकत्या जिन्यांसकट नवा आला, हे आमच्या सेक्रेटरींनी वाचून दाखवलं. मग हळूहळू बोलणं दुसरीकडे वळलं. आजींनी आधी बघायला नको का? या वयात ओझं घेऊन एकटं निघायचं कशाला? मोबाईलच्या नादात तरुण मुलं पडतात ते समजू शकतं, पण आजी तर मोबाईल वापरत नाहीत. कुणी वाईट हेतूने बोलत नव्हतं. आणि मागच्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेल्या काकू सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, ‘माझंच चुकलं. मी बघितलं नाही.’

सभेतल्या पन्नास माणसांनी ते ऐकलं आणि सगळ्यांना जरा हायसं वाटलं. मलाही वाटलं. ते हायसं वाटणं मला अजून छळतं.

लक्ष देऊन वागावं हे कुणाला नको आहे? पण लक्ष द्यायचं कुणी, आणि किती? २०२० च्या नोव्हेंबरमध्ये धारावीत पाच वर्षांचा एक मुलगा लिफ्टचं बाहेरचं लाकडी दार आणि आतली जाळी यांच्या मधल्या जागेत सापडून गेला. ती जागा आमच्याही लिफ्टला आहे. मी त्यानंतर टेप लावून मोजली नाही, वीत लावून मोजली, आणि माझी वीत पुरली नाही. पाच वर्षांच्या मुलाला काय सांगणार, लक्ष दे? १० सप्टेंबर २०२३ ला, इथेच, बाळकुमला, चाळीस मजली नव्या इमारतीच्या गच्चीवर वॉटरप्रूफिंगचं काम संपवून मजूर कामाच्या लिफ्टने खाली येत होते. ती लिफ्ट कोसळली आणि सातजण गेले. दिवसभर काम करून जेवायला, झोपायला निघालेली माणसं. त्यांच्या लक्ष देण्याने काय होणार होतं? दोर आणि खटके बघणं हे ज्याचं काम आहे त्याने ते बघितलं नाही, तर आत उभ्या असलेल्या माणसाने कितीही डोळे उघडे ठेवले तरी उपयोग नाही. हे मला पटतं. सभेतही हे म्हणावंसं वाटलं होतं. पण हे म्हटलं असतं तर मी मेंटेनन्सवाल्यांकडे बोट दाखवून गप्प बसले असते, आणि माझ्या उजव्या हाताला जे कळलं होतं ते तसंच झाकलेलं राहिलं असतं.

लहानपणी शाळेला सुट्टी असली की बाबा मला कधीकधी फोर्टमधल्या त्यांच्या ऑफिसात घेऊन जात. काळ्या दगडांची जुनी इमारत आणि तिच्यात पिंजऱ्यासारखी, सगळीकडून जाळीची लिफ्ट. लिफ्टमनकाका खाकी कपड्यांत एका उंच लाकडी स्टुलावर बसलेले असत आणि त्यांच्या हाताखाली पितळी दांडा. मजला जवळ आला की ते दांडा हळूहळू मागे घेत, लिफ्ट दोन बोटं वर जाई, मग ते ती पुन्हा खाली आणत, लादीला लादी लागेपर्यंत. तोवर त्यांचा डावा हात माझ्या छातीसमोर आडवा असे. हाताला विडीचा आणि ब्रासोचा वास. ‘खाली बघ, मग पाय टाक,’ हे ते मला म्हणत आणि बाबांच्या मोठ्या साहेबांनाही म्हणत, त्याच आवाजात. साहेबही खाली बघून पाय टाकत. पुढे बटणांच्या लिफ्ट आल्या आणि अशी माणसं एकेक करून निवृत्त झाली. स्टूल गेलं, दांडा गेला. आडवा धरलेला तो हातही गेला, आणि त्या हाताचं काम आता कोण करणार, हे मात्र कुणी कुणाला सांगितलं नाही. ते आपल्या सगळ्यांवर आलं आणि आपल्याला पत्ताच नाही. शेजारचीच्या ओढणीचं टोक दारात अडकतंय का, मूल जाळीत बोटं घालतंय का, कुत्र्याची साखळी बाहेर आणि कुत्रं आत असं तर नाही ना, हे बघणारा माणूस लिफ्टमध्ये नेहमी एक असायचा. आता आपण चौघं उभे असतो आणि चौघंही मजल्याचे आकडे बघत असतो.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना मी सगळं सांगत होते, तर त्या भांडी विसळता विसळता म्हणाल्या, ‘ते दार ना? ते महिना झाला तसंच आहे. मी तर चौथ्यावर जायचं असलं की जिन्यानंच जाते.’ मी ओरडलेच, मग सांगितलं का नाही! त्यांनी नळ बंद केला. ‘सांगितलं ना वहिनी. वॉचमनला सांगितलं. तो म्हणाला, लिफ्ट चालतेय ना? मग दुसऱ्या मजल्यावरच्या ताईंना सांगितलं, त्या म्हणाल्या, बरं.’ मला खुर्चीत बसावं लागलं. साऱ्या इमारतीत सांगणारी एकच बाई निघाली आणि तिचं सांगणं कुणाच्या कानात शिरलं नाही. मला सांगितलं असतं तर मी काय केलं असतं? हात पुसत ‘हो का?’ म्हटलं असतं. अगदी असंच म्हटलं असतं, हे मला पक्कं ठाऊक आहे.

काकूंकडे मी मंगळवारी गेले. जाताना गिरणीतून चार किलो पीठ आणून नेलं होतं. त्या डबा रिकामा करत असतानाच मी सांगून टाकलं. आठ दिवस आधी दार चार बोटं उघडलं होतं, मला माहीत होतं, मी बोलले नाही, आणि काचेवरचा कागदही माझाच. काकू काही वेळ पिठाच्या पिशवीची घडी घालत राहिल्या. चौकोनी, मग आणखी लहान चौकोनी.

‘मग बोलली का नाहीस गं?’

आवाजात राग नव्हता. खरोखरच उत्तर हवं असतं तेव्हा माणूस विचारतं तसं त्यांनी विचारलं. फोन वाजला, पार्किंगचं भांडण चाललं होतं, कुणीतरी सांगितलं असेल असं वाटलं, हे सगळं माझ्या तोंडाशी आलं आणि तिथेच राहिलं. त्यांनी थोडा वेळ वाट बघितली, मग चहा टाकायला उठल्या. मीही मागोमाग आत गेले, आलं किसून दिलं. चहा पिताना आम्ही भाचीच्या लग्नाचं बोललो. तो प्रश्न मात्र त्यांनी मागे घेतलेला नाही, आणि मी उत्तर दिलेलं नाही.

काचांवरचे कागद मी त्याच संध्याकाळी काढले. कागद निघतो, चिकटपट्टीचा गोंद राहतो. गरम पाण्याने, मग खोबरेल तेल लावून, मग ब्लेडने हळूहळू खरवडत सात काचा स्वच्छ व्हायला दोन संध्याकाळी गेल्या. चौथ्या मजल्यावर काच पुसताना पलीकडून लिफ्ट गेली. आधी दोर थरथरले, मग खालून उजेड चढत चढत आला, काचेच्या तळाशी लागला, पूर्ण काच भरली आणि वरून निघून गेला. इतकी वर्षं मी या लिफ्टने ये-जा करते आहे. हे कधी बघितलं नव्हतं.

खटका, चाक आणि स्प्रिंग नवी बसली. बाकीच्या मजल्यांच्या पेट्याही त्याने उघडून बघितल्या आणि सहाव्या मजल्याचं चाक बदललं. डक्टच्या तळात पावसाचं पाणी झिरपलं होतं. ते उपसून तळ साफ करायचं काम पुढच्या सर्व्हिसिंगवर गेलं. गणपतीच्या चार दिवस आधी तो पुन्हा आला. तळमजल्याचं दार उघडून बॅटरी घेऊन खाली उतरला आणि थोड्या वेळाने त्याने हाक मारली, ‘ताई, इकडे या.’ मी वाकून बघितलं. तळात एक लाल रबरी चेंडू होता, एक चप्पल, किल्ल्यांचा जुडगा, दुधाच्या पिशव्या, बॅडमिंटनची दोन फुलं. आणि या सगळ्यांमधून, कोपऱ्याकोपऱ्यात, गहू उगवले होते. वीतभर उंच, अंधारातले, पिवळट पांढरे, गौरीसमोर ठेवतात त्या धान्याच्या रोपांसारखे. दाराच्या फटीतून जेवढा उजेड येत होता तेवढ्याच बाजूला सगळे कललेले.

‘काढू ना?’ त्याने विचारलं. काढा, म्हटलं. त्याने ते सुपलीत भरून वर दिले. मुळांना चिखल आणि वंगण लागलेलं होतं. मी ते कचऱ्याच्या डब्यात न टाकता मागच्या कुंपणाजवळ पारिजातकाखाली टाकले, आणि जिन्याने वर निघाले. प्रत्येक मजल्यावर लिफ्ट नसताना दाराचं हँडल ओढून बघत. पहिला, दुसरा, तिसरा. चौथ्यावर दोनदा ओढलं. आवाज ऐकून काकूंनी आतून विचारलं, ‘कोण आहे?’

‘मी आहे, काकू,’ म्हटलं. ‘दार बघतेय.’